‘आप्त’ आणि ‘म्हणे’ : साथीच्या काळातील चाकरमान्यांचा वार्ताव्यवहार

१

रोगाच्या साथीबरोबर वार्तांचीही साथ येते, हा अनुभव जुना आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या संदर्भात ‘माहितीच्या साथी’चा उल्लेख केला आणि तेव्हापासून या विषयावर विपुल लेखन झाले. त्यातील बहुतेक लेखनाचा आशय असा की, अफवा एक तर अज्ञानातून निघते अथवा खोडसाळपणातून. अज्ञानावर शिक्षण हा उपाय आणि खोडसाळपणावर शिक्षा. एप्रिल २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांच्या चालकांना गटातील खोट्या मजकुराबद्दल जबाबदार धरणारा आदेश काढला. वरील मताचेच ते व्यवहारातील रूप होय.

ही दोन्ही मते अपुरी आहेत. ज्या माणसांनी २०२०–२१ मध्ये चुकीचा मजकूर एकमेकांस पाठविला, त्यांतील फार थोडी अज्ञ होती आणि त्याहून थोडी दुष्ट होती. बहुसंख्य माणसे आपल्या आईची, भावाची, शेजाऱ्याची काळजी वाहत होती. अशा सद्भावनेतून असत्य इतक्या वेगाने कसे पसरावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचा एक महत्त्वाचा भाग भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो आणि तेवढ्याच भागाचा विचार येथे करावयाचा आहे. विवेचनासाठी मालवणच्या किनारपट्टीवरील गावे आणि त्या गावांचे मुंबईतील चाकरमानी यांचा व्यवहार घेतला आहे.

२

मालवण, वेंगुर्ले, देवगड या बंदरांतून बोटीने मुंबई गाठावयाची आणि गिरणीत काम धरावयाचे, हा कोकणी माणसाचा क्रम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आला. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना जितके हात पुरविले, तितके क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याने पुरविले असतील. गिरणगावात एकेका गावाच्या सामाईक खोल्या असत, गावाच्या नावाचे मंडळ असे. मनिऑर्डर, पत्र आणि गावी निघालेल्या माणसाबरोबर धाडलेला निरोप या तीन मार्गांनी मुंबई आणि गाव यांचा संवाद चाले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. परंतु मुंबईत राहून मन गावी ठेवणारा हा समाज टिकून राहिला. त्याच्या संवादाचे साधन तेवढे बदलले. निरोप्याची जागा भ्रमणध्वनीवरील गटाने घेतली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली. मे महिन्यात चाकरमानी मोठ्या संख्येने परतू लागले, तेव्हा गावोगावच्या शाळा विलगीकरणासाठी उघडाव्या लागल्या. त्या वर्षी गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. सणासाठी येणाऱ्यांनी किती दिवस अलग राहावे यावर ग्रामपंचायती, शासन आणि मुंबईतील मंडळे यांच्यात वाद झाला आणि अखेर शासनाने दहा दिवसांची मुदत ठरविली. सख्ख्या भावाला घरात घ्यावे की शाळेत ठेवावे, हा निर्णय त्या काळात घराघरांत घ्यावा लागला. श्वास लागलेल्या माणसाला कणकवलीस अथवा ओरोसला न्यावे की घरीच वाफ द्यावी, हाही निर्णय घ्यावा लागला. तो ज्या वाक्यांच्या आधारे घेतला जाई, ती वाक्ये कोणत्या घडणीची होती, हे पाहणे म्हणूनच केवळ पांडित्याचे काम नाही.

३

तुलनेसाठी १८९६ सालाकडे वळणे उपयुक्त ठरेल. त्या वर्षी २३ सप्टेंबर रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे निदान केले. ऑक्टोबरच्या प्रारंभी रोग्यांना सक्तीने अलग करण्याचे अधिकार नगरपालिकेने जाहीर केले. २९ ऑक्टोबरला सुमारे एक हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. राणीच्या पुतळ्याची विटंबना झाल्यामुळे सरकारला माणसांचे बळी हवे आहेत, रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ काढतात, अशा वार्ता तेव्हा शहरात पसरल्या होत्या. त्या वार्तांना भिऊन आणि रोगाला भिऊन लोकांनी मुंबई सोडली. कोकणच्या बोटी भरून गेल्या आणि त्यांतून रोग व वार्ता दोन्ही बंदरांपर्यंत पोहोचल्या. आर्थर रोडचे ते रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय या नावाने ओळखले जाते. २०२० मध्ये मुंबईतील कोविडच्या पहिल्या रोग्यांवर उपचार झाले ते येथेच. १८९७ चा साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. वास्तू आणि कायदा जुनेच राहिले; वार्तेची घडण मात्र पालटली होती.

‘मोमियाई’ या शब्दाची कुळी उद्बोधक आहे. फारसी ‘मूम’ म्हणजे मेण. त्यावरून ‘मूमिया’ हे औषधी द्रव्याचे नाव झाले, तेच पुढे जतन केलेल्या प्रेताला लागले, आणि इंग्रजीतील ‘ममी’ हा शब्दही त्याच कुळातला. औषध आणि प्रेत या दोन कल्पना या एकाच शब्दात गुंतलेल्या होत्या. ज्या रुग्णालयात गेलेला माणूस आप्तांच्या नजरेआड होई आणि पुष्कळदा परत येत नसे, त्या रुग्णालयाविषयीची भीती याच शब्दातून व्यक्त व्हावी, यात आश्चर्य नाही. वस्तुस्थिती म्हणून ती वार्ता खोटी होती. भीतीचे वर्णन म्हणून ती अचूक होती.

४

आता या वार्तांच्या व्याकरणाकडे वळू. मौखिक वार्तेला मराठीत एक खास अव्यय आहे, ते म्हणजे ‘म्हणे’. मूळ हे ‘म्हणणे’ या धातूचे जुन्या वर्तमानकाळातील तृतीयपुरुषी एकवचनी रूप. संतांच्या नाममुद्रेत या क्रियापदाला कर्ता असतो. वार्तेत मात्र तो कर्ता गळून गेला आणि क्रियापदाचे अव्यय बनले. मालवणीत ‘तो इलो’ आणि ‘तो इलो म्हणे’ या दोन वाक्यांत सांगितलेली घटना एकच आहे; परंतु पहिल्यात बोलणारा साक्षी आहे आणि दुसऱ्यात तो केवळ वाहक आहे. गोव्याच्या कोंकणीत हेच कार्य ‘खंय’ करते : ‘तो आयलो खंय’. संस्कृतात ‘किल’ या निपाताला वार्ता आणि संभाव्यता हे दोन्ही अर्थ कोशकारांनी दिले आहेत. पाणिनीने तर वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकालीन घटनेसाठी लिट् हा लकार निराळा सांगितला. ‘मी पाहिले’ आणि ‘मी ऐकले’ यांतील भेद वाक्यातच नोंदविण्याची सोय आपल्या भाषापरंपरेला पूर्वीपासून महत्त्वाची वाटत आली, एवढे यावरून दिसते.

‘म्हणे’ दोन कामे करते. एक, बोलणाऱ्यावरील जबाबदारी ते हलकी करते. दोन, ऐकणाऱ्यास प्रश्न विचारण्यास वाव देते. ‘म्हणे’ ऐकल्यावर ‘कोण म्हणता?’ असा प्रतिप्रश्न मालवणी संभाषणात सहज येतो आणि त्यात सांगणाऱ्याचा उपमर्द होत नाही. तिठ्यावर अथवा मासळीबाजारात वार्ता अशीच पारखली जाते. येथे रास्त आक्षेप असा निघेल की, १८९६ च्या वार्तांतही ‘म्हणे’ असणारच; तरीही जमाव रुग्णालयावर चालून गेलाच ना? आक्षेप मान्य केला पाहिजे. ‘म्हणे’ माणसाला विश्वास ठेवण्यापासून परावृत्त करीत नाही आणि भय अनावर झाले की त्याचा उपयोग उरत नाही. ते मूळ वक्त्याकडे जाणारी वाट तेवढी खुली ठेवते. ही वाट बंद झाली की काय घडते, ते २०२० मध्ये दिसले.

५

त्या वर्षी मराठी गटांतून फिरलेल्या मजकुरांपैकी चार सर्वांना आठवत असतील. युनिसेफच्या नावाने आलेला पहिला मजकूर सांगत होता की, हा विषाणू आकाराने मोठा असून २६–२७ अंश उष्णतेत मरतो, म्हणून ऊन घ्यावे व आईस्क्रीम टाळावे. हा मजकूर आपला नव्हे, असे युनिसेफने मार्च २०२० मध्ये जाहीर केले. दुसरा मजकूर २२ मार्चच्या जनता संचारबंदीविषयी होता. विषाणूचे आयुष्य १२ तासांचे आणि संचारबंदी १४ तासांची, म्हणून साखळी तुटेल, असे गणित त्यात मांडले होते. तिसरा मजकूर म्हणजे जंतुविज्ञानाच्या एका जुन्या हिंदी पाठ्यपुस्तकातील ‘कोरोना’ असा उल्लेख असलेल्या पानाचे छायाचित्र. या रोगाचे औषध आधीच ठाऊक होते, असा त्याचा दावा. चौथा, २०२१ च्या दुसऱ्या लाटेतील, कापूर, लवंग व ओवा यांची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो, असे सांगणारा.

पहिल्या मजकुराचे खंडन करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मानवी शरीराची उष्णता ३७ अंश असते. २७ अंशांत मरणारा विषाणू माणसाच्या शरीरात राहणारच नाही. मार्चच्या दुपारी मालवणच्या किनाऱ्यावर पारा तीसच्या वर असतो. म्हणजे या मजकुराप्रमाणे सारी किनारपट्टी आपोआप निर्धोक ठरत होती. हे न सुचण्याइतका आपला समाज मंदबुद्धी नाही. मग कोणी विचारले कसे नाही? पाठ्यपुस्तकाच्या पानाचे उत्तर तर शुद्ध अर्थविचारात आहे. ‘कोरोना’ हे विषाणूंच्या एका कुळाचे नाव १९६८ पासून शास्त्रात रूढ आहे. २०२० मध्ये तेच बोलीत एका विशिष्ट रोगाचे नाव झाले. जातिवाचक नाम व्यक्तिवाचक झाल्याबरोबर जुने पान भविष्यवाणीसारखे भासू लागले.

या मजकुरांची घडण पाहिली असता पाच विशेष आढळतात. पहिला, त्यांत ‘म्हणे’ कोठेही नाही; प्रत्येक विधान निरपवाद आहे. दुसरा, विधानामागून आज्ञार्थ अथवा विध्यर्थ येतो : प्यावे, टाळावे, हुंगावे. तिसरा, नेमका आकडा असतो आणि तो मोजमापाचा आभास निर्माण करतो. चौथा, एखाद्या संस्थेचे अथवा ‘प्रसिद्ध डॉक्टरां’चे नाव असते, पण त्या नावाशी विधान बांधणारा दिनांक अथवा ठिकाण नसते. पाचवा विशेष आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा : हे मजकूर मालवणीत नसतात. जो चाकरमानी आईशी बोलताना मालवणीखेरीज दुसरी भाषा वापरीत नाही, तोच तिला प्रमाण मराठीतील, पुष्कळदा हिंदीवरून उतरविलेला मजकूर पाठवितो. तो त्याने लिहिलेला नसतो, फक्त पुढे ढकललेला असतो. बोली सुटली आणि तिच्याबरोबर ‘म्हणे’ही सुटले. प्रमाण मराठीत ‘म्हणे’ नाही असे नव्हे. परंतु छापील व कार्यालयीन मराठीत ते शोभत नाही असा आपला संकेत आहे, आणि या मजकुरांनी त्याच मराठीचा वेष घेतला होता.

हस्तलिखितांच्या परंपरेशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होईल. पोथीचा लेखक शेवटी पुष्पिका लिहीत असे. तीत बहुधा त्याचे नाव, काळ, स्थळ येई आणि पुढे तो सांगे की, समोरच्या प्रतीत जसे दिसले तसे उतरविले, दोष माझा मानू नये. हे लेखी ‘म्हणे’च होय. व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ पासून पुढे पाठविलेल्या मजकुरावर तशी खूण लावण्यास आरंभ केला, तीही यंत्राने घातलेली एक प्रकारची पुष्पिका म्हणता येईल. परंतु तीत नाव, काळ, स्थळ काहीच नाही आणि मजकूर उतरवून नव्याने चिकटविला की ती नाहीशी होते. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन कंपनीने घातले. त्याने वेग कमी होऊ शकतो. साक्षी कोण, हे समजत नाही.

याच संदर्भात गावपळणीचा उल्लेख केला पाहिजे. मालवण तालुक्यात आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांच्या अंतराने सारा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. ही प्रथा म्हणजे पूर्वजांनी शोधलेले विलगीकरणच होय, असे विधान साथीच्या काळात मोठ्या अभिमानाने केले गेले. गावकरी स्वतः विचारले असता काय सांगतात? ते देवाच्या कौलाकडे बोट दाखवितात. कौल मानावा की न मानावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण त्या सांगण्यात आधार कोणता, हे उघड असते. विलगीकरणाचा सिद्धांत मांडणाऱ्या सुशिक्षिताच्या विधानात तो नसतो. वार्तेची वर सांगितलेली घडण अशिक्षितांपुरती मर्यादित नाही, हे यावरून ध्यानात येईल.

६

‘म्हणे’ गळाल्यावर विश्वासाचा भार कशावर पडला? तो पाठविणाऱ्या माणसावर पडला. येथे ‘आप्त’ या शब्दाचा विचार आवश्यक आहे.

न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याला विषयाचे साक्षात् ज्ञान आहे आणि जे जसे जाणले तसेच इतरांना सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही भाष्यकार म्हणतो. म्हणजे आप्तत्व कुळावर अवलंबून नाही. ते ज्ञान आणि हेतू या दोन अटींवर अवलंबून आहे. संस्कृतातही या शब्दाला ‘जवळचा, विश्वासाचा’ ही छटा होतीच. मराठीत मात्र ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक हाच अर्थ रूढ झाला. अर्थसंकोचाचे हे साधे उदाहरण म्हणून वर्गात सांगता येईल. साथीच्या काळात मात्र या संकोचाला प्राणांचे मोल आले.

परळहून भावाने पाठविलेला मजकूर देवबागेतील बहीण वाचते. भाऊ खोटे बोलणार नाही, हे ती जाणते. दुसरी अट पूर्ण झाली. पहिली अट, म्हणजे साक्षात् ज्ञान, भावापाशी नाही. ‘म्हणे’ असते तर ती उणीव दिसली असती. ते नसल्यामुळे हेतूची शुद्धता हीच ज्ञानाची साक्ष ठरते. मूळ वक्ता अज्ञात, वाहक प्रिय, आणि वाक्य अधिकारवाणीचे : या तिहींच्या संयोगाने जो मजकूर तयार होतो, त्याला प्रश्न विचारणे म्हणजे भावावर अविश्वास दाखविणे ठरते. म्हणून विचारले जात नाही. २०२१ मध्ये लसीसंबंधीचे संशय पसरले तेही याच वाटेने. कापराची पुरचुंडी स्वतः फारशी घातक नसेल. पण तिच्यावर भिस्त ठेवून प्राणवायू खालावलेल्या माणसाला रुग्णालयात नेण्यास एक दिवस उशीर झाला, तर तो घातक ठरतो.

७

येथवरच्या विवेचनावरून दोष केवळ लोकव्यवहाराचा आहे, असा ग्रह होऊ नये. अधिकृत भाषेचीही परीक्षा केली पाहिजे. ‘सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की’ या कर्मणी घडणीत कर्ता नसतो. कोण सूचित करतो, कशाच्या आधारे, त्याला खात्री किती, हे वाक्य सांगत नाही. खोट्या मजकुराने वेष उचलला तो याच भाषेचा. आणि दोहोंतील फरक ओळखण्याचे साधन या भाषेने वाचकाला दिलेले नाही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही सप्टेंबर २०२० मधील मोहीम प्रथमपुरुषात बोलते, परंतु तो ‘मी’ शासन नव्हे, नागरिक होय. बोलतो एक आणि जबाबदारी दुसऱ्याच्या तोंडून वदविली जाते.

आशयाच्या बाबतीतही हेच. केंद्रीय आयुष मंत्रालयाने जानेवारी २०२० च्या अखेरीस आर्सेनिकम आल्बम ३० हे होमिओपॅथीचे औषध प्रतिबंधक म्हणून सुचविले. त्या गुणाला शास्त्रीय पुरावा नव्हता, तरी महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी त्या गोळ्या वाटल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी हा रोग हवेतून पसरत नाही असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आणि पुढे २०२१ मध्ये हवेतील प्रसार मान्य केला. सर्वसामान्यांनी मुखपट्टी वापरावी, हा तिचा सल्ला ५ जून २०२० रोजी आला. शास्त्र नव्या पुराव्याने मत बदलते, हे त्याचे भूषण आहे. पण पहिले मत सांगताना ‘आज हाती असलेल्या पुराव्यावरून’ एवढे शब्द घातले असते, तर दुसरे मत ऐकताना लोकांना फसगत वाटली नसती. शास्त्राचे ‘म्हणे’ ते हेच. आणि अधिकृत भाषेने तेही गाळले होते.

या भाषेच्या कक्षेबाहेर राहिलेल्यांची गोष्ट तर वेगळीच. मालवण-देवगडच्या बागांत राखणीस असलेले नेपाळी कामगार, मच्छीमारी नौकांवरील परप्रांतीय खलाशी, चिरेखाणींतील कानडी मजूर हेही स्थलांतरितच. त्यांच्यासाठी प्रमाण मराठीतील फलक आणि मालवणीतील दवंडी दोन्ही सारखीच परकी होती. त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलत होते ते दूरच्या गावचे त्यांचे आप्त, आणि तेही पुढे आलेले मजकूरच पाठवीत होते.

८

यावरून उपायाची दिशा दिसते. दोन्ही अटी पुऱ्या करणारी माणसे गावात होती : आशा सेविका, उपकेंद्राची परिचारिका, जुना ओळखीचा डॉक्टर. त्यांनी रोगी पाहिले होते आणि ती मालवणीत बोलत होती. ‘मी पाहिले’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांनाच होता. त्यांच्या हाती मात्र बहुधा वाचून दाखविण्यासाठी छापील पत्रक असे. पुढील साथीत या माणसांना स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या नावाने आणि ‘हे मी पाहिले, हे मला सांगितले गेले’ असा भेद राखून बोलू देणे, हा शंभर परिपत्रकांहून अधिक परिणामकारक उपाय ठरेल.

आपल्या विभागापुरते एक काम तातडीचे आहे. २०२०–२१ मधील मजकूर लोकांच्या भ्रमणध्वनीत अद्याप काही प्रमाणात शिल्लक असतील. यंत्रे बदलतील तसतसे ते नष्ट होतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांतून, मालकाच्या संमतीने व नावे वगळून, ते गोळा करावेत. प्रत्येक मजकुराचा दिनांक, तो कोणत्या नात्याच्या माणसाकडून आला, भाषा कोणती, अनुवादाच्या खुणा कोणत्या, पाठभेद कोठे पडले आणि सोबत बोलीत काही शब्द लिहिले होते काय, एवढ्या नोंदी कराव्यात. शेवटची नोंद विशेष काळजीने करावी. कारण एखाद्या प्रतीवर पाठविणाऱ्याने आपल्या हाताने ‘खरा काय ता माहीत नाय’ असे मालवणीत जोडलेले आढळले, तर तो मजकूर पुढे गेला की तेथेच थांबला, हे त्याच गटातील पुढील प्रतींवरून तपासता येईल, आणि प्रस्तुत लेखातील अनुमानाची खरी कसोटी तेथे लागेल.